सतरा नंबरची रिकामी बस

४ जानेवारी

बारक्या,

सात वर्षांनी माझं पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत, तुझे भावजी तर जरा जास्तच. पत्र कामाचं आहे. माझ्या आणि तुझ्याही.

परवा डेपोच्या फळ्यावर नोटीस लागली. 'मार्ग क्रमांक १७ प्रवाशांअभावी ३१ मार्चनंतर बंद करण्याचा प्रस्ताव आहे. हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी द्याव्यात.' खाली सही. हुद्दा वाचायच्या आधीच मी सही ओळखली. उपलेखाधिकारी कोणी का असेना, र ला असं लांब शेपूट काढणारा माणूस जगात एकच आहे आणि त्याला र मीच गिरवायला शिकवलाय. ते शेपूट जावं म्हणून पट्टीसुद्धा मारली होती. नाही गेलं ते नाहीच.

तर ही माझी हरकत. लेखी.

फळ्यासमोर माझा ड्रायव्हर उभा होता. बारा वर्षं आम्ही एका गाडीवर आहोत आणि तो दिवसाला फार तर दहा शब्द बोलतो. त्यातला एक त्यानं तिथे खर्च केला. म्हणाला, "संपलं." मी म्हटलं, "संपलं काय? नोटीस आहे ती, निकाल नाही. चल, गाडी लाव."

तू सतरा नंबरमध्ये कधी बसला नाहीस, म्हणून सांगते. पहिली फेरी पाच दहाला सुटते. वर खाणीजवळच्या वस्तीतून निघायचं, पाण्याच्या टाकीपाशी उतार, मग सरळ मोठं हॉस्पिटल. पावणेसहाला पोचतो. माझ्या गाडीत झाडूवाल्या, धुलाईवाल्या, स्वयंपाकघरातल्या, वॉर्डातल्या आया. त्यांची हजेरी सहाला लागते. दहा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापला जातो. पुढची बस सातला आहे. पायी गेलं तर सव्वा तास, आणि त्यातला निम्मा रस्ता अंधारातला.

आणि तू प्रस्तावात लिहितोस, 'सर्वाधिक गर्दी अपेक्षित असलेल्या पहिल्या फेरीसही सरासरी नऊच प्रवासी.' नऊ! अरे, नऊ जणी तर माझ्या दारात लोंबकळत असतात. कुठल्या गाडीत बसून मोजलंस? एक दिवस पाच दहाला ये. उभं राहायला जागा मिळाली तर मला सांग.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू 'हं' म्हणतोस आणि माझं डोकं फिरतं. कागदावर हं म्हणता येत नाही.

तुझी ताई


१६ जानेवारी

बारक्या,

'आपले दिनांक ४ चे पत्र प्राप्त झाले.' हे मी मोठ्यानं वाचलं आणि तुझे भावजी इतके हसले की चहा नाकात गेला. सात वर्षांत तुझ्या नावावर ते पहिल्यांदा हसले, म्हणून ते पत्र मी जपून ठेवलंय. नाहीतर फाडलंच असतं.

तू म्हणतोस आकडे तिकिटाच्या मशीनमधून आलेत आणि मशीन कोणाची बाजू घेत नाही. बरोबर आहे, नाहीच घेत. पण मशीन जुनं आहे, थंडीत अडकतं. ते जाऊ दे. मुद्दा निराळा आहे.

मुद्दा असा की दोन वर्षांपूर्वी पालिकेनं बसचं अनुदान निम्म्यावर आणलं आणि ती तूट भरून काढायला तुम्ही तिकीट दीडपट केलं. तिकीट महागलं की माणसं गळतात. माणसं गळली की तोटा वाढतो. तोटा वाढला की तुम्ही गाडी बंद करता आणि वर म्हणता, लोकांनाच बस नको आहे. आधी ताटातलं निम्मं काढून घ्यायचं आणि मग म्हणायचं, हिला भूकच नाही! रस्त्यावरच्या दिव्यांचा नफा-तोटा कोणी काढतं का? बागेचा? मग पहाटे पाचच्या बसलाच का उभं करता पिंजऱ्यात?

हे सगळं मी दहा फेब्रुवारीच्या सुनावणीत बोलणार आहे. सह्या गोळा करतेय. वस्तीतल्या दोनशे बारा झाल्या. ज्यांना सही येत नाही त्या अंगठा देतात आणि म्हणतात, "ताई, नीट उमटला का बघ." माझी तयारी पक्की आहे. युनियनचा सेक्रेटरी म्हणाला, तुम्ही बोलायला उभ्या राहिलात की समितीनं कानाला हात लावलाच म्हणून समजा. आता हे कौतुक होतं की काय, ते मी विचारलं नाही.

वर्कशॉपचं मी काढणार नव्हते, पण तू शेवटी लिहिलंस, 'भावजींना नमस्कार', म्हणून काढते. ते बाजारामागच्या गॅरेजमध्ये आहेत. डेपोचं वर्कशॉप बंद झालं तेव्हा आठ महिने घरी बसले, मग एक दिवस उठले, पाना घेतला आणि गेले. आता मालकापेक्षा गिऱ्हाइकं त्यांनाच विचारतात. पोट सुटलंय. तेव्हा आमच्यावर दया-बिया नको. नमस्कार पोचवला. त्यांनी 'हं' म्हटलं. तुम्ही दोघं सारखेच.

ताई


२७ जानेवारी

बारक्या,

या वेळी तू हातानं लिहिलंस. एकच ओळ. 'ताई, हॉस्पिटलच्या स्टॉपवर माणूस उभा केला होता. गुरुवारी एक्केचाळीस जण उतरले. मशीनमध्ये अकरा तिकिटं आहेत. बाकीचे तीस कोण?'

चार दिवस ते पत्र मी पिशवीत घेऊन फिरतेय. आज लिहायला बसले, कारण उद्या बसले तर काहीतरी बनवून लिहीन.

बाकीचे तीस मी बिनतिकीट आणते. रोज. दोन वर्षं.

कसं झालं ते सांगते. भाडेवाढीचा तिसरा दिवस. धुलाईखात्यात एक बाई आहेत, सगळ्या त्यांना मोठ्या बाई म्हणतात. साठीला टेकल्यात. ब्लीचनं बोटांची कातडी कागदासारखी झालीय. त्या चढल्या, तळहातावर नाणी मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाल्या, "टाकीपाशी उतरव गं. तिथून चालते." मी डबल बेल द्यायला दोरी धरली आणि मागच्या काचेतून पाहिलं. बाई उतारावरून चालत होत्या, कडेच्या कठड्याला हात टेकत. त्या दिवशी त्यांचा अर्धा दिवस कापला गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाणी काढली तेव्हा मी म्हटलं, "बसा." एवढंच. मशीनला हातच लावला नाही.

मग शेजारच्या बाईनं माझ्याकडे बघितलं. तिला नाही कसं म्हणू? महिन्याभरात निम्मी गाडी झाली. चेकरची भीती नव्हती, त्यांची ड्युटी आठला सुरू होते. ड्रायव्हरला माहीत होतं. त्यानं आरसा जरा वर फिरवला, म्हणजे त्याला मागचं काही दिसायला नको. बारा वर्षांत त्याच्याइतकं मोठ्यानं माझ्याशी कोणी बोललेलं नाही.

एक पैसा मी खिशात घातला नाही, हे तुला सांगायला नको. पण तरी सांगते. मी चोर नाही. मला वाटायचं, डेपोचं काय जातंय? गाडी तर जाणारच आहे, रिकामी गेली काय नि भरून गेली काय. मला अभिमानसुद्धा होता, खोटं कशाला बोलू. त्या 'ताई' म्हणायच्या आणि मला वाटायचं, पालिकेनं केलं नाही ते मी केलं.

आणि तुझी ओळ वाचल्यावर कळलं की तुझ्या प्रस्तावातले ते नऊ माझ्याच हातचे आहेत. मशीन अडकत नव्हतं. मीच त्याला रोज रिकामी बस दाखवत होते. ज्यांना मी फुकट नेलं त्या कुठल्याच कागदावर नाहीत. आता त्यांची गाडी बंद होतेय ती त्या नाहीतच म्हणून.

तुला काय करायचं ते कर. तू अधिकारी आहेस.

ताई


२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पाच पानी पत्र मिळालं. एवढं तू बोर्डाच्या परीक्षेतही लिहिलं नसशील.

तू म्हणतोस, "सुनावणीत गप्प राहा. मी लिहितो की मशीन सदोष होतं, नव्यानं मोजणी मागतो, कोणाला काही कळणार नाही, तुझी पंचवीस वर्षांची नोकरी वाचेल." पत्राच्या शेवटी दोन ओळी खोडल्यास. मी कागद उजेडासमोर धरून वाचल्या. 'तू मला शिकवलंस, एवढं तर मी करूच शकतो.'

नाही.

मशीन सदोष होतं म्हटलं की मशीन सांभाळणारी बाई सापडणार. डेपोच्या मागच्या खोलीत बसते, दोन लेकरं आहेत, कामाला चोख. तिनं काय केलंय? आणि दुसरं म्हणजे तू. तुला खोटं नीट येत नाही. लहानपणी बरणी फोडलीस तर मी विचारायच्या आधी तुझे कान लाल व्हायचे.

आता तिसरं. हे मी सात वर्षं लिहिणार होते.

वर्कशॉप बंद होणार हे तू आम्हाला सांगायला आला होतास. हुकूम निघायच्या आधी, रविवारी, नोकरी धोक्यात घालून. भावजींना दुसरीकडे बघायला वेळ मिळावा म्हणून. तू दारात उभा होतास, अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्यास. मी विचारलं, "कागद कोणी बनवला?" तू म्हणालास, "मीच, ताई. आकडे तसेच आहेत." तुला खोटं बोलता आलं असतं. वरून आलं म्हणाला असतास तर मी चहा टाकला असता. पण तू खरं सांगितलंस आणि मी म्हणाले, "तुझी फी मी उभ्यानं तिकिटं फाडून भरली, ती ह्यासाठी?" आणि दार लावलं.

ते वाक्य मी सात वर्षं बरोबर म्हणून धरून बसले. बरोबर नव्हतं. तुझी फी मी माझ्या मर्जीनं भरली होती, व्याजानं नाही. मला तू शिकायला हवा होतास आणि एकोणिसाव्या वर्षी खांद्याला पिशवी लावून फिरायला मला आवडत होतं. तेव्हा माझ्याइतकी ऐटबाज कंडक्टर डेपोत दुसरी नव्हती. त्याची परतफेड नको. या रीतीनं तर मुळीच नको.

तू खरं सांगायला आलास तेव्हा मी दार लावलं. आता तुला खोटं बोलायला लावून दार उघडू?

सुनावणीत मी सगळं सांगणार आहे. तू तुझ्या साहेबांना सांग की कंडक्टर तुझी बहीण आहे, आणि फाइल सोड. त्या दिवशी खोलीत थांबू नकोस. तू समोर असलास तर मी भाऊ बघत बोलेन, आणि मला समितीकडे बघायचंय.

भावजींना कालच सगळं सांगितलं. दोन वर्षं त्यांनाही माहीत नव्हतं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नोकरी गेली तर गॅरेजला पावत्या फाडायला माणूस हवाय. पण तिथे फुकट कोणाला सोडायचं नाही."

ताई


११ फेब्रुवारी

बारक्या,

तू खोलीत नव्हतास, म्हणून जसं झालं तसं सांगते.

मोठं टेबल, पलीकडे सात जण, मध्ये अध्यक्षबाई. चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं कमी. आमच्या बाजूला खुर्च्या पुरल्या नाहीत. रात्रपाळी करून आलेल्या आया भिंतीला टेकून उभ्या होत्या. माझा नंबर चौथा. हातात भाषणाचा कागद होता, अनुदान, दिवे, बाग, सगळं. तो मी घडी करून ठेवला.

म्हटलं, "मी सतरा नंबरच्या पहिल्या फेरीची कंडक्टर. तुमच्या प्रस्तावातला नऊचा आकडा खोटा आहे आणि तो मी केलाय. गाडीत चाळीस माणसं असतात. तीस जणींना मी तिकीट देत नव्हते. पैसे घेतले नाहीत, कोणाकडूनही नाही. भाडं वाढल्यावर त्यांना परवडत नव्हतं आणि मला बघवत नव्हतं. पण त्यामुळे त्या तुमच्या हिशेबातून गेल्या. शिक्षा मला करा. माणसं मात्र पुन्हा मोजा."

एक सदस्य म्हणाले, "म्हणजे तुम्ही दोन वर्षं महसूल बुडवलात!"

"हो," मी म्हटलं.

"आणि हे ताठ मानेनं सांगताय?"

"मान वाकवली तर आवाज बसतो, साहेब."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. रागावल्या की नाही ते कळलं नाही. एवढ्यात मागून मोठ्या बाई उठल्या. त्यांचा नंबर नव्हता. शिपाई म्हणाला, "आजी, बसा." त्या म्हणाल्या, "बसूनच दोन वर्षं गेली. आता उभी राहते."

मग म्हणाल्या, "ही आमची ताई चांगली आहे, पण तिनं आम्हाला भिकेला लावलं. रोज चढताना मी तिच्या तोंडाकडे बघायचे, आज राग तर नाही ना. हिची रजा असली की आम्ही चालत जायचो, कारण दुसऱ्या कंडक्टरला काय सांगणार? आम्हाला फुकट नकोय. जेवढं पूर्वी देत होतो तेवढं देऊ. हातात तिकीट द्या. सहाला आम्ही पोचलो नाही तर ऑपरेशनच्या टेबलावर धुतलेली चादर नसते. ते टेबल कोणाचंही असू शकतं. तुमचंसुद्धा."

बारक्या, मला वाटत होतं मी त्यांच्यावर उपकार करतेय, आणि त्या बाई दोन वर्षं माझा मूड बघून गाडीत चढत होत्या. तिथे उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुनावणीला कंडक्टर रडली असं डेपोत पसरलंय. पसरू दे.

निकाल असा. तीन आठवडे नव्यानं मोजणी, समितीची माणसं गाडीत बसून करणार. हॉस्पिटलकडून लेखी म्हणणं मागवलं. आणि मी चौकशी होईपर्यंत निलंबित. पिशवी, मशीन, बिल्ला, सगळं संध्याकाळी जमा केलं. मशीन सांभाळणाऱ्या बाईनं पावती दिली आणि माझा हात जरा वेळ धरून ठेवला. तिला कोणी काय सांगितलं, ठाऊक नाही.

ड्रायव्हरनं आरशाचं कबूल केलं. मी सांगू नकोस म्हटलं होतं. म्हणाला, "मीही गाडीतच होतो." तीन शब्द.

ताई


१४ मार्च

बारक्या,

आज समितीचा ठराव हातात आला. तुला ऑफिसात कळलंच असेल, पण माझ्याकडून ऐक.

मोजणीत सरासरी चौतीस निघाली. एक्केचाळीस नाही, कारण पूर्ण भाडं भरून तीन आठवडे काढणं सात जणींना जमलं नाही, त्या चालत गेल्या. बाकीच्यांनी आपसात वर्गणी काढून भरलं. ती सात माणसंही अध्यक्षबाईंनी ठरावात नोंदवून घेतली. 'भाडे न परवडल्याने पायी जाणारे प्रवासी : सात.' छापलेल्या कागदावर. मी ती ओळ मोठ्या बाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "म्हणजे आम्ही आहोत."

सतरा नंबर वर्षभर चालू राहणार. पालिका पहाटेच्या आणि परतीच्या फेऱ्यांसाठी अनुदान पुन्हा देणार, हॉस्पिटल त्यात वाटा उचलणार, आणि पाळीवर जाणाऱ्यांना जुन्या भाड्यात पास. दुपारच्या दोन फेऱ्या मात्र गेल्या. त्यासाठी मी पुढच्या वर्षी भांडेन. त्या दोन फेऱ्या खरंच रिकाम्या असतात असं तू म्हणशील. म्हण. लेखी म्हण.

माझं म्हणशील तर दोन वेतनवाढी कायमच्या गेल्या आणि सतरा नंबरवरून बदली. सोमवारपासून चार नंबरवर, स्टेशन ते कारखाना, माणसांचं लोणचं असतं त्या गाडीत. ड्रायव्हरला लेखी समज मिळाली, तो सतरावरच राहिला. आज डेपोत भेटला तेव्हा मी त्याला म्हटलं, "आता नव्या कंडक्टरशी तरी बोलत जा." तो म्हणाला, "बघू."

महिनाभर घरी होते तर तुझे भावजी कंटाळले. म्हणतात, "ही मला स्वयंपाकघरातसुद्धा 'पुढे सरका' म्हणते."

तुझ्या फाइलवर शेरा आला हे मला युनियनच्या सेक्रेटरीकडून कळलं. 'आकडेवारीची प्रत्यक्ष खातरजमा न करता प्रस्ताव सादर केला.' तू लिहिलं नाहीस. खातरजमा करायला माणूस उभा केलास तो तूच, हे त्यांनी लिहिलं नाही. वाईट वाटलं. पण खरं सांगू? तो माणूस उभा केलास ना, त्या दिवशी माझी सगळी फी वसूल झाली. हे एकदाच लिहितेय, पुन्हा मागू नकोस.

आता रविवारचं. येतोस असं लिहिलंस. ये. भावजींना विचारलं, ते म्हणाले, "येऊ दे, पण मी आधी बोलणार नाही." मी म्हटलं, तोही आधी बोलणार नाही, मग जेवण छान शांत होईल. त्यावर त्यांनी गॅरेजमधून सुट्टी घेतली. रविवारी गॅरेज बंदच असतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

ऑफिसची गाडी आणू नकोस. हॉस्पिटलच्या स्टॉपवरून सतरा नंबर पकड, साडेदहाची. आम्ही आता खाणीजवळच राहतो, शेवटचा स्टॉप. मी स्टॉपवरच उभी असेन.

सुट्टे पैसे घेऊन चढ. नवी कंडक्टर फार कडक आहे आणि ती कुणाची ताई नाही.

तुझी
ताई